विमानाचं नाक रंगवणाऱ्यांच्या गावी

मी कोल्हापूरचा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, तालमींचे फलक असं सगळं केलं, पण हात बसला तो ट्रकवर. उद्यमनगरात बॉडी बांधून झाली की गाडी आमच्या दारात यायची. केबिनच्या कपाळावर देवाचं नाव, दारांवर मोर नाहीतर वाघ, मागं फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद', आणि नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात जीभ बाहेर काढलेला एक राक्षस. पस्तीस वर्षं हेच केलं. मग फ्लेक्स आला.

मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिनं एकदा फोनवर फोटो पाठवला. युद्धातल्या जुन्या बॉम्बर विमानाचं नाक, त्यावर कवटी, लांब दांड्याचा विळा, घोड्याचा उलटा नाल आणि मोठ्या अक्षरांत 'फ्रायडे द थर्टीन्थ'. खाली तिनं लिहिलं होतं, "पप्पा, हे तुमच्यातल्याच कुणीतरी केलंय बघा." तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला असेल त्याला गणती नाही. २०१९ च्या जूनमध्ये तिच्याकडं गेलो तेव्हा म्हटलं, राणीचा राजवाडा राहू दे, आधी हे दाखव. जावयांनी पाच दिवसांची रजा टाकली. नात सहा वर्षांची, ती आमच्याबरोबर.

पहिला दिवस: हेंडन

लंडनच्या उत्तरेला हेंडनला आरएएफचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं, म्युझियम आहे. कॉलिंडेल स्टेशनला उतरून चालत गेलो. तिकीट नाही, याचं मला फार बरं वाटलं. असली जागा फुकटच असावी.

आत शिरल्यावर आधी लँकेस्टर बघितलं. हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं रात्री बॉम्ब टाकणारं मुख्य विमान. अशी ७,३७७ बांधली. समोर होतं त्याचा नंबर आर ५८६८, लाडाचं नाव 'एस फॉर शुगर'. माणूस त्याच्या चाकाएवढा वाटतो. मी मात्र चाकाकडं बघत नव्हतो. वैमानिकाच्या खिडकीखाली, डाव्या अंगाला, बॉम्बची चित्रं ओळीनं काढलेली आहेत. एक मोहीम, एक बॉम्ब. एकूण १३७ मोहिमा. वर एक वाक्य लिहिलंय, त्याचा अर्थ असा: शत्रूचं एकही विमान राइशच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीवरून उडणार नाही. खाली नाव हर्मन गोअरिंगचं, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या प्रमुखाचं. त्याचीच फुशारकी त्याच्याच डोक्यावरून रोज रात्री उडवत न्यायची! आमच्याकडं फाळक्यावर शेर लिहून घेणारे ट्रकवाले बघितलेत, पण हा टोला त्या सगळ्यांच्या वरचा.

बॉम्बची चित्रं स्टेन्सिलनं मारली असणार हे लांबूनच कळतं. एका मापाची आहेत. पण जवळ गेलं की ओळ कुठंतरी किंचित चढते, कुठं उतरते. दोरी न मारता अंदाजानं काम केलं की असंच होतं, आणि इथं तर एका दिवसात काम झालेलंच नाही. आज एक बॉम्ब, परवा एक, चार दिवसांनी एक, असं दोन-तीन वर्षं चाललेलं. हे विमान नंतर स्कॅम्प्टनच्या हवाई तळाच्या फाटकावर बरीच वर्षं उभं होतं, तेव्हा वरचे हात पुन्हा फिरलेले असणार. तरी ओळीचा तो चढउतार पुसला गेलेला नाही.

मला तिथं उभं राहून एक गोष्ट सुचली आणि ती मनातून जाईना. ट्रक रंगवला की तो महिन्या-दोन महिन्यांनी परत दिसतो. कुठं पोपडा गेला, कुठं चिखल बसला, आपलं काम आपल्याला भेटतं. इथं रंगवणारा संध्याकाळी ब्रश धुऊन ठेवायचा आणि रात्री ते विमान जर्मनीला जायचं. बॉम्बर कमांडचे, म्हणजे आरएएफच्या बॉम्ब टाकणाऱ्या दलाचे, सव्वा लाख हवाई सैनिक, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. सकाळी ज्या जागेवर विमान उभं राहायचं ती जागा मोकळी दिसली, की पोरं गेली आणि चित्रही गेलं.

मग तो तुकडा. 'फ्रायडे द थर्टीन्थ' हे हॅलिफॅक्स जातीचं, ब्रिटिशांचंच बॉम्बर विमान, नंबर एलव्ही ९०७. युद्ध संपल्यावर ते लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर लोकांना बघायला ठेवलं होतं. नंतर भंगारात काढलं. कापताना नाकाचा चित्र असलेला पत्रा तेवढा वाचवला, तो हेंडनला आहे. फोटोत मला ते चित्र भडक वाटलं होतं. प्रत्यक्षात ते साधं आहे. वर शेड नाही, चमक काढलेली नाही. आउटलाइन काढली, आत भरलं, झालं. हात सराईत नाही, पण अक्षराला भिणाराही नाही. खाली बायबलमधलं वाक्य आहे, पेराल तसं उगवेल अशा अर्थाचं.

तेरा तारखेचा शुक्रवार तिकडं अपशकुनी मानतात, तरी हे नाव का ठेवलं ते जावयांनी फलक वाचून सांगितलं. ही माणसं १५८ स्क्वाड्रनची, त्यांचा तळ यॉर्कशरमध्ये लिसेटला. प्रत्येक विमानाला एक अक्षर असायचं. एफ अक्षराची आधीची विमानं एकापाठोपाठ गेली होती. मार्च १९४४ मध्ये नवं विमान आलं आणि त्यालाही एफच अक्षर मिळालं. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूरेम्बर्गवरच्या एका रात्रीत बॉम्बर कमांडची ९५ विमानं परतली नाहीत. अशा दिवसांत पोरांनी ठरवलं की अपशकुन टाळायचा नाही, सगळे गोळा करून विमानावरच काढायचे. शुक्रवार, तेरा आकडा, कवटी, उलटा नाल.

जावई म्हणाले, "मामा, हे उलटंच झालं की. लोक चांगलं नाव ठेवतात."

मी म्हटलं, माझ्या वस्तादांचं नाव केरबा का होतं माहीत आहे का? त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा झाला तो आईनं केरात ठेवला, केरातून उचलला आणि केरबा नाव ठेवलं. यमानं बघितलं तर त्याला वाटावं हा कुणाला नकोसा आहे. दगडू, धोंडू ही नावं कुठून आली? लिसेटच्या पोरांनी विमानाचं बारसं केरबासारखंच केलं होतं. आमच्याकडं शुक्रवार अंबाबाईचा, त्याचं भय नाही. पण तेरा म्हटल्यावर आमच्याही पोटात काहीतरी हलतं. तेरावा कोण विसरतो?

केरबा वस्ताद ऐंशी वर्षं जगले. एलव्ही ९०७ नं १२८ मोहिमा केल्या आणि प्रत्येक वेळी परत आलं.

निघता निघता लिबरेटर या अमेरिकन बनावटीच्या बॉम्बर विमानापाशी पाय थांबले. हे १९७४ साली भारतीय हवाई दलानं या म्युझियमला दिलेलं विमान आहे. माझे थोरले मामा लोहगावला हवाई दलात फिटर होते आणि लहानपणी लिबरेटर हा शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकलेला. पुण्याच्या ६ नंबरच्या स्क्वाड्रनकडं ही विमानं १९६८ च्या अखेरीपर्यंत होती, समुद्रावर टेहळणीसाठी. मूळची ती इंग्रजांनी कानपूरला टाकून दिलेली, पुन्हा उडू नयेत म्हणून मोडतोड केलेली. बंगळुरूच्या एचएएल या विमान कारखान्याच्या माणसांनी त्यातली चाळीसेक उभी केली. तिथले वैमानिक जमशेद मुन्शी एकेक विमान उडण्यापुरतं सांधून कानपूरहून बंगळुरूला घेऊन गेले, तिथं ती पूर्ण दुरुस्त झाली. मामा म्हणायचे, "लिबरेटरचं पोट एवढं खाली, वाकून आत शिरावं लागायचं." मी वाकून बघितलं. खरंच पोट खाली आहे.

दुसरा दिवस: डक्सफर्ड आणि केंब्रिज

डक्सफर्ड हा युद्धातला खरा हवाई तळ, आता इम्पिरियल वॉर म्युझियमकडं. इथं अमेरिकन विमानं बघायची होती, कारण नाकावरच्या चित्रांत अमेरिकन पोरांचा हात कुणी धरू शकत नाही. इंग्रजांची चित्रं लहान, बऱ्याचदा काळ्या-तपकिरी अंगावर. अमेरिकन विमानं दिवसा जायची, चित्रंही दिवसा दिसावीत अशी, पुरुषभर उंचीची.

सॅली बी नावाचं बी-१७, म्हणजे अमेरिकन बॉम्बर विमान, बाहेर उभं होतं. उडण्याच्या स्थितीतलं. एका बाजूला त्याचं स्वतःचं नाव आणि दुसऱ्या बाजूला 'मेम्फिस बेल'चं चित्र, पोहण्याच्या कपड्यातली मुलगी. नातीनं विचारलं, "आजोबा, ही कोण?" मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी खरं ते सांगितलं. मेम्फिस गावात मार्गारेट पोक नावाची मुलगी होती, विमान चालवणाऱ्या रॉबर्ट मॉर्गनशी तिचं लग्न ठरलेलं होतं. त्यानं तिच्या गावाचं नाव विमानाला दिलं. चित्र काही तिचं नाही, ते जॉर्ज पेटी नावाच्या चित्रकारानं एका मासिकात काढलेल्या मुलीचं. पुढं त्या दोघांचं लग्न झालंच नाही. पण मॉर्गन आणि त्याच्या साथीदारांनी २५ मोहिमा पुऱ्या केल्या, १७ मे १९४३ ला, आणि विमान अमेरिकेत परत गेल्यावर गावोगाव फिरलं. ते मूळ विमान आज ओहायोत डेटनला ठेवलंय.

त्या मुलींच्या चित्रांबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत आणि ती दोन्ही मी लिहितो. माझ्या मुलीला ती आवडत नाहीत. बाईचं अंग म्हणजे पाटी आहे का, असं ती म्हणाली, आणि तिचं मला पटतं. दुसरं असं की एकोणीस-वीस वर्षांची पोरं, घर समुद्रापलीकडं, परतायची खात्री नाही. त्यांच्याकडं देवाची तसबीर लावायची पद्धत नव्हती, तर त्यांनी ही लावली. मी ट्रकवर नट्या रंगवल्यात. ड्रायव्हर महिना-महिना घरी जायचे नाहीत. कुणी बायकोचा फोटो आणला आणि चेहरा तसा काढ म्हणाला, तर मी पैसे कमी घ्यायचो.

इथून फार लांब नाही ते बॅसिंगबर्न, मेम्फिस बेलचा तळ. तिथल्या ९१ व्या बॉम्ब ग्रुपमध्ये टोनी स्टार्सर नावाचा कॉर्पोरल होता. मेम्फिस बेल त्यानं रंगवली, 'शू शू बेबी' त्यानं रंगवली, अशी शंभरच्या वर विमानं एकट्या माणसानं. हे नाव मी वहीत लिहून घेतलं, कारण या धंद्यात नाव राहिलेली माणसं फार थोडी. बाकीच्यांना कधी थोडे पैसे, कधी दारूची बाटली मिळायची आणि चित्रावर सही नसायची.

कठड्याच्या अलीकडून जेवढं जवळ जाता येईल तेवढा गेलो. बी-१७ च्या पत्र्यावर रिव्हेटची डोकी उठून दिसतात, हरभऱ्याची डाळ चिकटवल्यासारखी. त्या मुलीच्या मांडीवरून, पोटावरून, चेहऱ्यावरून रिव्हेटच्या रांगा गेल्यात. सपाट फळीवर चित्र काढणं आणि रिव्हेटवर काढणं यात किती फरक आहे ते ट्रकवाल्याला कळतं. ब्रश सरळ ओढला की रिव्हेटच्या डोक्यावर रंग पातळ बसतो आणि बुडाशी साचतो, वाळताना तिथून ओघळ सुटतो. म्हणून आधी आखूड ब्रशनं रिव्हेटभोवती गोल फिरवून घ्यायचं, मग लांब ओढ मारायची. त्यातून विमानाचं नाक दोन्ही अंगांनी वळलेलं. जमिनीवरून बघितलं तर चेहऱ्याचं माप बिघडू नये म्हणून शिडीवर बसून तो अंदाजानं काढावा लागतो. स्टार्सरला हे कुणी शिकवलं असेल? इंग्लंडची थंडी, खाली चिखल, एनॅमल घट्ट झालेलं. मला त्याच्या बोटांची काळजी वाटली.

संध्याकाळी केंब्रिजला 'द ईगल' या पबमध्ये गेलो. मी पीत नाही, लिंबाचं सरबत घेतलं. वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या रचनेचा शोध पहिल्यांदा इथं बोलून दाखवला म्हणून लोक येतात. आम्ही आतल्या आरएएफ बारमध्ये छत बघायला गेलो. युद्धाच्या काळात वैमानिक टेबलावर चढून लायटरनं, मेणबत्तीनं, काजळी धरून छतावर आपली नावं आणि स्क्वाड्रनचे नंबर लिहायचे. लिपस्टिकनं काढलेलंही आहे. सगळं छत तांबूस-काळं आणि त्यावर ही अक्षरं, वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली. हात वर करून ज्योतीनं अक्षर काढणं म्हणजे मान मोडते आणि एक रेघ चुकली तर दुरुस्ती नाही. मान वर करून मी एवढा वेळ उभा राहिलो की शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंनी उठून मला स्वतःची खुर्ची दिली.

तिसरा दिवस: मॅडिंग्ली

सकाळी केंब्रिजजवळच्या मॅडिंग्लीला अमेरिकन दफनभूमी बघितली. ३,८११ पांढरे संगमरवरी क्रूस आणि ज्यू सैनिकांसाठी तारे, गवतावर गोल कमानीत. बाजूला लांब भिंत, तिच्यावर ज्यांचे देह सापडले नाहीत अशांची ५,१२७ नावं कोरलेली. इथं मी काही बघण्यासारखं बघितलं नाही, नुसता चाललो.

दुपारची उत्तरेकडची गाडी रद्द झाली. दुसऱ्या गाडीनं उभ्यानं प्रवास करून रात्री लीड्सला पोचलो. पोर खांद्यावर झोपली होती.

चौथा दिवस: एल्व्हिंग्टन

यॉर्कजवळ एल्व्हिंग्टनला यॉर्कशर एअर म्युझियम आहे. इथं अख्खं हॅलिफॅक्स बघायला मिळतं आणि तेही 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या रूपात. हॅलिफॅक्स ६,१७६ बांधली गेली आणि युद्धानंतर एकही शाबूत ठेवलं नाही. म्हणून इथल्या लोकांनी ते जुळवून उभं केलं. धडाचा एक भाग स्कॉटलंडच्या लुईस बेटावरून आणला. युद्धात तिथं उतरताना मोडलेल्या हॅलिफॅक्सचा तो तुकडा एका शेतकऱ्यानं कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरला होता. पंख दुसऱ्या जातीच्या विमानाचे. अनेक वर्षं खपून १३ सप्टेंबर १९९६ ला विमान बाहेर काढलं. त्या दिवशी शुक्रवार होता, मुद्दाम निवडलेला.

नाकावर तेच चित्र आहे, नव्यानं काढलेलं. हेंडनचा पत्रा डोळ्यांत ताजा होता म्हणून फरक लगेच दिसला. नक्कल करणाऱ्यानं मन लावून काम केलंय, अक्षरं मूळच्यापेक्षा नीट बसलीत. मूळ चित्रातली घाई मात्र आलेली नाही, आणि ती येणारही नाही. पण मी त्याला नाव ठेवणार नाही. दुसऱ्या अंगाला वेगळंच चित्र आहे, ते फ्रेंचांच्या आठवणीसाठी. या तळावर १९४४ पासून ३४६ आणि ३४७ या दोन फ्रेंच स्क्वाड्रन होत्या आणि त्यांना अनेकदा आपल्याच देशावर बॉम्ब टाकायला जावं लागलं.

हॅलिफॅक्समध्ये सात जण असायचे. एक फेरी म्हणजे तीस मोहिमा. त्या झाल्या की पोरांना सुट्टी. विमानाला सुट्टी नाही. ते पुढच्या सात जणांकडं जायचं. म्हणजे ज्यांनी नाव ठेवलं ते निघून गेल्यावरही दुसरी पोरं त्याच कवटीखालून आत चढत होती, आणि एकेक बॉम्बचं चित्र वाढत होतं. ते काम जमिनीवरचाच कुणीतरी करत असणार. विमानाची खरी ओळख त्यालाच असावी असं मला वाटतं.

बॉम्बच्या त्या ओळींकडं बघताना मला एक गोष्ट खुपत राहिली. मी १२८ चित्रं मोजत होतो, आणि त्यातलं एकेक म्हणजे कुठंतरी जळलेलं गाव. खाली घरं होती, माणसं होती. रंगवणाऱ्याच्या स्टेन्सिलमध्ये ते येत नाही. सगळे बॉम्ब सारखे. माझ्या हातात तो ब्रश असता तर मीही काढले असते, एवढं मला कळतं.

युद्ध संपल्यावर यॉर्कजवळच रॉक्लिफला हॅलिफॅक्सच्या रांगाच्या रांगा भंगारासाठी उभ्या होत्या. कॅनडाच्या हवाई दलातला हॅरॉल्ड लिंडसे नावाचा अधिकारी तिथं फिरला आणि त्यानं चांगली चित्रं निवडून पत्र्यासकट कापून घेतली. त्यातली चौदा आज ओटावाच्या वॉर म्युझियममध्ये आहेत. हे ऐकल्यावर मी बाहेर गवतावर येऊन बसलो. फ्लेक्स आल्यावर लक्ष्मीपुरीतल्या माझ्या पाट्या एकेक करून उतरल्या. चांगली सागवानी फळी असली तर सुतार न्यायचे, पत्रा असला तर भंगारवाला किलोवर घ्यायचा. एकही मी मागितली नाही. मागायचं सुचलंच नाही.

पाचवा दिवस: लिसेट

लीड्सहून पूर्वेला समुद्राकडं गाडीनं दीड-दोन तास. ब्रिडलिंग्टनच्या अलीकडं लिसेट लागतं. खेडं एवढंसं की जावयांनी गाडी पुढं नेली आणि वळवून परत आणली. जिथं धावपट्टी होती तिथं शेतं आहेत आणि पवनचक्क्या फिरताहेत.

रस्त्याच्या कडेला १५८ स्क्वाड्रनचं स्मारक आहे. सात उंच माणसं, पत्र्यातून कापलेली, उड्डाणाच्या कपड्यात, एका ओळीत उभी. एका विमानातले सात. त्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत नावं आहेत. ८५१ नावं, या एका स्क्वाड्रनची.

वारा फार होता. नातीला टोपी घातली. मी एकेका नावापुढं उभा राहत गेलो, मुलगी वाचून दाखवत होती. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला, मग ती थांबली आणि नुसती बोट ठेवत पुढं सरकली.

नातीनं विचारलं, "आजोबा, ह्यांना रंग का नाही दिला?"

मीही तेच बघत होतो. लोखंड दिसलं की आधी रेड ऑक्साइड मारायचा, गंज वर येऊ द्यायचा नाही, हे वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं. हा पोलादाचा प्रकार वेगळा आहे. याच्यावर गंजाचाच थर बसतो आणि तोच आतल्या लोखंडाला सांभाळतो. ब्रश लावायची गरजच नाही. मी तिला म्हटलं, बाळ, ह्यांचा रंग आतूनच येतो, दर पावसात थोडा थोडा. तिनं एका अक्षरावरून बोट फिरवलं आणि तांबडं झालेलं बोट मला दाखवलं.

ते नाव मी वहीत उतरवून घेतलं. पस्तीस वर्षांच्या सवयीनं आधी दोन रेघा आखल्या, मधे अंतर धरलं आणि अक्षरं पाडली, सावकाश, वाऱ्यानं पान हलत होतं तरी.